शंभरच्या वेगाला गाडी थरथरते तेव्हा...

प्रतिनिधी

पावसाळा सरला की अनेक मोटारमालकांना एक अनुभव येतो. शहरात चाळीस-पन्नासच्या वेगाने निमूट चालणारी गाडी दिवाळीच्या सुटीत द्रुतगती मार्गावर येते आणि काटा नव्वदच्या पुढे सरकताच स्टिअरिंग हातात थरथरू लागते. वेग कमी केला की थरथर थांबते. मग कुणी तिकडे दुर्लक्ष करतो, तर कुणी गॅरेजमध्ये जाऊन सांगतील ते सुटे भाग बदलून घेतो. या दोन्ही गोष्टी महागात पडू शकतात. वास्तविक थरथर कोणत्या क्षणी सुरू होते आणि शरीराला कुठे जाणवते, एवढे नीट टिपले तरी दोषाचा माग बहुतेक वेळा लागतो.

दोष शहरातला, प्रत्यय महामार्गावर

थरथरीचे सर्वांत सामान्य कारण म्हणजे चाकाचा तोल बिघडणे. खड्ड्यात आदळून रिम किंचित वाकते, रिमला चिकटवलेले वजनाचे तुकडे गळून पडतात किंवा आतल्या बाजूस चिखल सुकून बसतो. असमतोलाचा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट झाला की जोर चौपट, तिप्पट झाला की नऊपट. मध्यम आकाराच्या मोटारीचे चाक ताशी १०० किलोमीटर वेगाला सेकंदाला सुमारे १५ फेरे घेते. त्या वेळी रिमच्या कडेला केवळ २० ग्रॅमचा फरक असला, तरी चाकाला प्रत्येक फेरीत सुमारे सव्वातीन किलो वजनाइतका हिसका बसतो. हा ताल सस्पेन्शनच्या नैसर्गिक कंपनाशी जुळला की थरथर एकदम वाढते. म्हणूनच ती अनेकदा ८० ते ११० या टप्प्यातच तीव्र असते. समृद्धी महामार्गावर मोटारींना ताशी १२० किलोमीटरपर्यंत वेगाची मुभा आहे. शहरात कधीच न जाणवलेला दोष तेथे उघडा पडतो, तो यामुळे.

थरथर केव्हा आणि कुठे?

स्टिअरिंग थरथरत असेल तर दोष बहुधा पुढच्या चाकांत असतो. आसन आणि तळ थरथरत असेल तर मागच्या चाकांत. खात्रीसाठी पुढची चाके मागे व मागची पुढे बसवून पाहावीत. थरथरीची जागा बदलली, तर दोष चाकातच आहे हे निश्चित होते. त्यावर उपाय व्हील बॅलन्सिंगचा. येथे एक गल्लत सर्रास होते. व्हील अलाइनमेंट म्हणजे चाकांच्या कोनांची जुळणी. ती बिघडल्यास गाडी एका बाजूला ओढते आणि टायर एकाच कडेला झिजतो. निव्वळ थरथरीवर तो उपाय नव्हे. बॅलन्सिंग करूनही फरक पडला नाही, तर रिम वाकली आहे का, हे चाक यंत्रावर फिरत असतानाच पाहून घ्यावे.

केवळ ब्रेक दाबल्यावर स्टिअरिंग किंवा ब्रेकचे पेडल थरथरत असेल, तर ब्रेकच्या डिस्कची जाडी असमान झालेली असते. डिस्क लेथवर घासून सरळ करता येते. मात्र कंपनीने ठरवलेल्या किमान जाडीपेक्षा ती पातळ होणार असेल, तर बदलणेच योग्य. अचानक जोरात ब्रेक दाबल्यावर पेडलला बसणारे हिसके हे एबीएस यंत्रणेचे नेहमीचे काम आहे. तो बिघाड समजू नये.

अ‍ॅक्सिलरेटर दाबताच गाडी थरथरते आणि पाय काढताच शांत होते, अशी तक्रार असल्यास चाकांना गती देणाऱ्या अ‍ॅक्सलचे सांधे तपासावेत. वळताना पुढून ‘कट कट’ आवाज येणे, हीदेखील त्या सांध्यांच्या झिजेची खूण आहे. सिग्नलला उभी असतानाही गाडी थरथरत असेल, तर चाकांचा संबंध संपला. अशा वेळी इंजिनाचे माउंटिंग, स्पार्क प्लग आणि इग्निशन कॉइल तपासावी.

इंजिन की चाके, असा संभ्रम असल्यास मोकळ्या रस्त्यावर तोच वेग राखून गिअर बदलून पाहावा. थरथर तशीच राहिली तर दोष चाकांकडे. इंजिनाच्या फेऱ्यांबरोबर ती बदलली तर इंजिनाकडे. ही पाहणी करताना धावती गाडी न्यूट्रलमध्ये टाकू नये.

येथे मात्र थांबावे

काही थरथरी ‘नंतर पाहू’ म्हणण्याजोग्या नसतात. कमी वेगातही गाडी डुलत असेल, तर टायरवर हात फिरवून पाहावा. बाजूला फुगा आला असेल किंवा वरचा पट्टा उंचसखल लागत असेल, तर आतले थर सुटू लागले आहेत, असे समजावे. असा टायर बॅलन्सिंगने सुधारत नाही आणि वेगात व उन्हात फुटण्याचा धोका असतो. तो काढून स्टेपनी लावावी आणि जवळच्या दुकानापर्यंत सावकाश जावे.

दुसरा धोका चाकाचे नट सैल असण्याचा. पंक्चर काढल्यावर किंवा टायर बदलल्यावर काही किलोमीटरमध्येच थरथर सुरू झाली आणि वाढत गेली, तर पहिला संशय नटांवरच घ्यावा. नट क्रमाने न कसता समोरासमोरचे कसावेत आणि ५० ते १०० किलोमीटरनंतर पुन्हा तपासावेत. वेगाबरोबर वाढणारी घरघर ऐकू येत असेल, तर बेअरिंग तपासावे. जॅकवर उचललेले चाक वर-खाली धरून हलवल्यास खेळ जाणवला तर बेअरिंग किंवा सस्पेन्शनच्या सांध्यावर, आणि डावी-उजवीकडे जाणवला तर स्टिअरिंगच्या सांध्यांवर संशय घ्यावा.

महामार्गावर अचानक जोराची थरथर सुरू झाल्यास करकचून ब्रेक दाबू नये. स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरून अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढावा, वेग आपोआप उतरू द्यावा आणि धोक्याचे दिवे लावून गाडी डावीकडे रस्त्याबाहेर घ्यावी. प्रवाशांनी कठड्यापलीकडे उभे राहावे.

लांबच्या प्रवासाआधी टायर थंड असताना हवा तपासणे, खाचांची खोली किमान १.६ मिलिमीटर आहे ना, हे पाहणे आणि टायरवरील चार अंकी आकड्यावरून त्याचे वय काढणे, ही कामे दहा मिनिटांत होतात. त्या आकड्यातील पहिले दोन अंक आठवडा, तर नंतरचे दोन वर्ष दाखवतात. गॅरेजमध्ये गेल्यावरही ‘गाडी थरथरते’ एवढेच सांगू नये. किती वेगाला, ब्रेक दाबल्यावर की वेग वाढवताना, हातात की आसनाखाली, हे सांगावे. निम्मे निदान त्या उत्तरातच असते आणि नको ते भाग बदलण्याचा खर्चही वाचतो.