बारा जणींची नजर

गेल्या महिन्यात चंदगडकडे मामेभावाच्या काजू कारखान्यात गेलो होतो. पूर्वी आत शिरले की लांब टेबलाभोवती बसलेल्या बारा बायका दिसायच्या. प्रत्येकीसमोर काजूगरांचा ढीग. पांढरा गर वेगळा, करपलेला वेगळा, पाकळी वेगळी. आता तिथे रंग बघून गर निवडणारे यंत्र उभे आहे आणि टेबलाशी उरल्या आहेत चौघी.

त्यातल्या एका मावशींनी विचारले, "सर, तुम्ही कॉम्प्युटर शिकवायचा. याला एवढे भराभर दिसते तरी कसे?"

"मावशी, ते तुमच्याच पद्धतीने बघते," मी म्हणालो.

ते खरेही आहे. गर उतारावरून खाली पडत असताना कॅमेरा त्यांचे चित्र ओळीओळीने टिपतो. एका ओळीत दोन हजार ठिपके आणि सेकंदाला दहा हजार ओळी धरल्या, तर सेकंदाला दोन कोटी ठिपके तपासायचे! खालच्या हवेच्या नळीपाशी गर पोचण्याआधी निर्णय व्हायला हवा. उशिरा आलेले बरोबर उत्तर इथे चूकच ठरते.

एकट्या प्रोसेसरला हे झेपत नाही, म्हणून काम वाटून देतात. एक रीत टेबलाची: सगळ्यांना एकच काम, पण ढीग आपापला. दुसरी रीत कारखान्याची: एकीने फोडायचे, दुसरीने सोलायचे, तिसरीने निवडायचे आणि कुणीच थांबायचे नाही. चिपमध्येही एक भाग रंग मोजतो, तोवर पुढचा भाग आधीच्या ओळीतला डाग शोधत असतो.

ही युक्ती जुनी आहे. उपग्रहांच्या चित्रांसाठी गुडइयर एरोस्पेसने १९८३ मध्ये नासाला दिलेल्या संगणकात १२८ गुणिले १२८, म्हणजे १६,३८४ प्रोसेसर होते. एकेकटा अगदी साधा, एका वेळी एकच बिट हाताळणारा. बळ होते ते सगळ्यांनी मिळून काम करण्यात.

मावशींनी शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाल्या, "म्हणजे रीत आमची, फक्त आम्ही नको."

मला उत्तर सुचले नाही. यंत्राने बाजूला उडवलेल्या ढिगात त्यांचा हात चालूच होता. हवेच्या झोताबरोबर शेजारचा चांगला गरही उडतो. तो या चौघी वेचून परत पांढऱ्यात टाकतात. यंत्राची चूक सुधारायला अजून माणूस लागते. पण उरलेल्या आठ जणी आता काय करतात, हे मी भावाला विचारले, तेव्हा तो दुसरीकडे बघू लागला.