मनोरे, टप्पे आणि मार्गाची किंमत

कलकत्त्याच्या फोर्ट विल्यमपासून चुनारच्या किल्ल्यापर्यंत एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सेमाफोर मनोऱ्यांची रांग उभारण्यात आली होती. एका मनोऱ्यावर केलेल्या खुणा पुढच्या मनोऱ्यावरचा माणूस दुर्बिणीतून वाची आणि त्याच खुणा करून संदेश पुढे धाडी. अशा रांगेत संदेशाला लागणारा वेळ मैलांपेक्षा मनोऱ्यांच्या संख्येवर आणि धुक्यावर अधिक अवलंबून असे. रांग एकच असल्याने मार्ग निवडण्याचा प्रश्न मात्र तेथे उद्भवत नव्हता. संगणकांच्या जाळ्यात तो क्षणोक्षणी उद्भवतो, आणि त्यासाठी राउटर, म्हणजे माहितीची पाकिटे योग्य वाटेला लावणारे यंत्र, प्रत्येक वाटेला एक आकडा देते. या आकड्याला मेट्रिक म्हणतात. तो जितका लहान, तितकी वाट पसंतीची.

हा आकडा म्हणजे भौगोलिक अंतर, हा पहिला गैरसमज. वस्तुतः राउटरजवळ नकाशा नसतो आणि कोलकाता व मुंबई यांच्यात किती किलोमीटर आहेत, हे त्याला ठाऊक नसते.

टप्पे कमी तर वाट चांगली, हा समज त्याहून चिवट आहे, कारण एका जुन्या प्रोटोकॉलचे, म्हणजे वाटा ठरवण्याच्या नियमसंचाचे, सारे गणित त्याच्यावरच उभे आहे. रिप हा प्रोटोकॉल वाटेतले राउटर, म्हणजेच हॉप, तेवढे मोजतो. पंधरापर्यंतचा आकडा ग्राह्य धरतो आणि सोळा म्हणजे वाट बंद असे मानतो. त्यामुळे ६४ केबीपीएसची एक रडतखडत चालणारी लाइन आणि एक जीबीपीएसच्या दोन लाइनींची जोडवाट यांतून तो बिनदिक्कत पहिली निवडतो.

ओएसपीएफ या प्रोटोकॉलने ही उणीव भरून काढली, हे खरे. पण तो लाइनीचा प्रत्यक्ष वेग मोजतो, असे समजणे चूक आहे. प्रत्येक लाइनीची किंमत, म्हणजे कॉस्ट, ठरवताना तो बहुतेक वेळा एका संदर्भ-आकड्याला लाइनीच्या नोंदलेल्या क्षमतेने भागतो आणि मग वाटेतल्या किमतींची बेरीज करतो. हा संदर्भ-आकडा अनेक राउटरांत मुळात १०० एमबीपीएस असतो, त्यामुळे १० एमबीपीएसच्या लाइनीची किंमत १० आणि १०० एमबीपीएसच्या लाइनीची १ येते. मात्र एकाहून कमी किंमत देता येत नसल्याने १० जीबीपीएसच्या लाइनीलाही १ च मिळतो. परिणामी १०० एमबीपीएसची एकच लाइन (किंमत १) ही १० जीबीपीएसच्या दोन लाइनींच्या वाटेला (किंमत २) हरवते. संदर्भ-आकडा वाढवून १,००,००० एमबीपीएस केला की त्याच वाटांच्या किमती अनुक्रमे १,००० आणि २० होतात आणि निकाल फिरतो. अट एवढीच की जाळ्यातल्या सर्व राउटरांवर तो सारखाच ठेवावा लागतो.

मग रहदारी पाहून आकडा सतत बदलत का ठेवू नये, असे वाटणे स्वाभाविक आहे. इंटरनेटचे पूर्वरूप असलेल्या आर्पानेटमध्ये १९७९ पासून प्रत्यक्ष विलंब मोजून तसे करण्यात आले, पण मोकळी दिसलेली लाइन सर्वांनी एकदम धरायची, ती तुंबली की सर्वांनी एकदम सोडायची, असा झोका जड रहदारीत सुरू झाला, आणि १९८७ मध्ये आकडा किती बदलू शकेल यावर मर्यादा घालावी लागली. ईआयजीआरपी या प्रोटोकॉलच्या सूत्रात भार आणि विश्वासार्हता यांना जागा आहे खरी, पण मूळ मांडणीत त्यांचे गुणक शून्य असतात. त्यातला विलंबही घड्याळ लावून मोजलेला नसून लाइनीच्या प्रकारावरून ठरलेला किंवा माणसाने नोंदलेला असतो.

निरनिराळ्या प्रोटोकॉलांचे आकडे परस्परांशी ताडून पाहण्याचा मोह तर पूर्णपणे निरर्थक आहे, कारण रिपचे ३ आणि ओएसपीएफचे २० ही वेगळ्या मापांची मोजणी आहे. वाट निवडताना नेमका, म्हणजे अधिक लांब उपसर्ग (पत्त्याचा सुरुवातीचा भाग) जुळणारा पत्ता आधी पाहिला जातो. एकाच पत्त्याची वाट दोन प्रोटोकॉलांनी सुचवली तर कोणावर अधिक भरवसा ठेवायचा, हे राउटर आधी ठरवते. सिस्कोच्या राउटरांत ओएसपीएफला ११० आणि रिपला १२० अशी क्रमांकवारी असल्याने ओएसपीएफ जिंकतो, मेट्रिक काहीही असो.

मोठमोठी जाळी एकमेकांना जोडणारा बीजीपी हा प्रोटोकॉल वेगाची फिकीर जवळजवळ करतच नाही. आपल्या व्यवस्थापकाने दिलेली पसंती तो आधी पाहतो, आणि ती सारखी निघाली तर वाटेत किती जाळी लागतात ते मोजतो, ज्यात खंडभर पसरलेले जाळेही एकच धरले जाते. प्रत्येक जाळे हा निर्णय स्वतंत्रपणे घेत असल्याने कोलकात्याहून मुंबईला गेलेली विनंती एका वाटेने जाऊ शकते आणि उत्तर भलत्याच वाटेने परतू शकते. ट्रेसराउट, म्हणजे वाटेतले राउटर दाखवणारे साधन, चालवून पाहणाऱ्याला यांतली फक्त जाण्याची वाट दिसते.