सदनिकेचे हस्तांतरण (महाराष्ट्र)

सहकारी गृहनिर्माण संस्थेतील सदनिका विकली जाते, तेव्हा सभासदाचे संस्थेतील भाग व हितसंबंधही खरेदीदाराकडे जातात. महाराष्ट्रात हे हस्तांतरण 'महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६०' व संस्थेचे उपविधी यांनुसार होते.

प्रक्रिया

आदर्श उपविधींनुसार विक्रेत्याने संस्थेला १५ दिवसांची पूर्वसूचना द्यावयाची असते. थकीत देखभाल शुल्क भरणे, भाग प्रमाणपत्र व पूर्वीच्या सर्व खरेदीखतांच्या प्रती जुळवणे, गृहकर्ज असल्यास बँकेकडून बोजा उतरवून घेणे ही कामेही त्यालाच करावी लागतात. जुने एखादे खरेदीखत गहाळ असल्यास ठरलेला व्यवहारही रखडतो. विक्रीचा करार दुय्यम निबंधक कार्यालयात नोंदवला जातो.

ना हरकत प्रमाणपत्र

उपविधींनुसार हस्तांतरणासाठी हे प्रमाणपत्र अनिवार्य नाही. तथापि खरेदीदाराला कर्ज देणाऱ्या बँका ते सहसा मागतात. त्यामुळे व्यवस्थापन समितीने विलंब केल्यास विक्रेत्याची अडचण होते.

हस्तांतरण अधिमूल्य

९ ऑगस्ट २००१ च्या शासकीय परिपत्रकानुसार महानगरपालिका क्षेत्रात अधिमूल्याची कमाल मर्यादा २५,००० रुपये आहे. कुटुंबातील व्यक्तीच्या नावे हस्तांतरण झाल्यास ते आकारले जात नाही. 'देणगी' वा 'विकास निधी' या नावाखाली मर्यादेहून अधिक रक्कम मागितली गेल्यास सभासदाला उपनिबंधकाकडे तक्रार करता येते.