अंगठ्याचा थ्रॉटल आणि दुखणारा हात : एटीव्ही चालवणाऱ्यांसाठी

नागाव, काशीद, दिवेआगर, तारकर्ली अशा कोकणातल्या किनाऱ्यांवर फुगीर टायरांची चारचाकी बाइक आता घोडागाडीइतकीच ओळखीची झाली आहे. तिला एटीव्ही किंवा क्वाड बाइक म्हणतात. लोणावळा, पाचगणी भागात मातीच्या वळणदार ट्रॅकवरही ती चालते. पर्यटक दहा मिनिटांची फेरी मारून उतरतो, त्याचा अंगठा सहसा दुखत नाही. दुखतो तो गाडी चालवून दाखवणाऱ्याचा. दिवाळीपासून मे अखेरपर्यंत, सकाळपासून सूर्यास्तापर्यंत हे तरुण याच गाडीवर असतात, आणि पुष्कळदा पर्यटकाला पुढे बसवून, त्याच्या दोन्ही बाजूंनी हात घालून गाडी चालवतात. संध्याकाळी त्यांतल्या कोणाला पाण्याच्या बाटलीचे झाकण उघडत नाही, तर कोणाच्या अंगठ्याच्या बुडाशी ठणका लागतो. या पाठात आपण हा थकवा कशामुळे येतो आणि तो कमी करण्यासाठी काय करता येते ते पाहू.

स्कूटरची मूठ आणि एटीव्हीचा खटका

स्कूटरला रेस द्यायची तर उजवी मूठ पिळावी लागते. एटीव्हीवर मूठ स्थिर असते. तिच्या आतल्या बाजूला, अंगठ्याखाली एक छोटा खटका असतो, तो अंगठ्याने पुढे दाबायचा. सोडला की स्प्रिंगमुळे तो आपोआप मागे येतो आणि इंजिन मंद होते. गुलमर्गच्या बर्फावर चालणाऱ्या स्नो स्कूटरलाही अशीच रचना असते.

ही रचना मुद्दाम केलेली आहे. होंडाने 1970 साली बाजारात आणलेले पहिले वाहन तीनचाकी होते, चारचाकी एटीव्ही 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला आल्या. ही वाहने खड्ड्यातून, दगडावरून, वाळूच्या उंचवट्यावरून जाताना स्वाराला मागे-पुढे फेकतात. शरीर मागे गेले की माणूस साहजिकच हँडल घट्ट धरतो आणि ओढतो. मूठ पिळण्याची असेल, तर त्या ओढीसरशी मनगट खाली जाऊन रेस वाढते. गाडी आणखी उसळते, माणूस आणखी मागे जातो, रेस आणखी वाढते. अंगठ्याच्या खटक्यात हे चक्र तुटते, कारण हात सुटला किंवा अंगठा सरकला की इंजिन मंद होते. शिवाय एटीव्हीचे हँडल वळवायला जोर लागतो आणि वळवताना मनगटाचा कोन बदलतो. तेव्हा रेस आपोआप कमी-जास्त होऊ नये, हाही हेतू आहे.

हे आधी सांगण्याचे कारण असे की अंगठा दुखायला लागला की लोकांना सर्वांत आधी सुचणारे उपाय नेमके याच सुरक्षेवर घाव घालतात. खटका रबराने किंवा दोरीने बांधणे, परतीची स्प्रिंग ताणून ढिली करणे किंवा कापणे, हे दोन्ही अजिबात करू नये. बांधलेल्या खटक्याची गाडी स्वार पडल्यावरही चालत राहते, आणि किनाऱ्यावर तिच्यापुढे वाळूत खेळणारी मुले असतात.

एवढासा खटका, मग दुखते कशाने?

खटका दाबायला फारसा जोर लागत नाही, हे खरेच आहे. किती लागतो ते स्वतः मोजता येते. इंजिन बंद ठेवून, सामान तोलायच्या हुकाच्या ताणकाट्याने खटक्याचे टोक सावकाश ओढा आणि अर्ध्या रेसला काटा किती दाखवतो ते पाहा. समजा, दीड किलो आला. निरोगी प्रौढ पुरुष किल्ली धरल्यासारख्या चिमटीत साधारण 10 ते 11 किलोचा दाब देऊ शकतो, स्त्री साधारण 7 ते 8 किलोचा. म्हणजे दीड किलो हा पुरुषाच्या कमाल ताकदीच्या सुमारे 14 टक्के आणि स्त्रीच्या सुमारे 20 टक्के झाला. प्रत्यक्षात हे प्रमाण आणखी वाढते, कारण किल्ली धरताना तर्जनी बाजूने भक्कम आधार देते, आणि खटक्यावर अंगठ्याला लांब पसरून दाबावे लागते.

आता महत्त्वाचा भाग. स्नायू आकुंचन पावून तसाच धरून ठेवला की त्याच्या आतल्या रक्तवाहिन्या दाबल्या जातात. ताजे रक्त कमी येते, टाकाऊ द्रव्ये साचतात, जळजळ सुरू होते. हातगाडी ढकलताना स्नायू आवळतो आणि सुटतो, त्यामुळे रक्त खेळते राहते. बादली हातात धरून नुसते उभे राहिलो तर ती लवकर जड वाटू लागते, ते याच कारणाने. जर्मन संशोधक रोमर्ट यांनी 1960 साली याची प्रसिद्ध मोजणी मांडली. कमाल ताकदीच्या निम्मा जोर सतत धरला, तर साधारण एका मिनिटात स्नायू हार मानतो. जोर कमी केला की धरण्याचा वेळ झपाट्याने वाढतो. 15 टक्क्यांच्या खाली तो कितीही वेळ धरता येतो असे त्यांचे मत होते, पण नंतरच्या अभ्यासकांना ही मर्यादाही फार उदार वाटली. आपला दीड किलोचा खटका नेमका याच सीमारेषेवर आहे.

शहरातल्या स्कूटरस्वाराची गोष्ट वेगळी. पुण्याचा लक्ष्मी रोड असो की लखनौचे हजरतगंज, दर थोड्या अंतरावर चौक, सिग्नल, समोर आडवा आलेला कोणी असतोच. वैताग येतो, पण हाताला विसावा मिळतो. कोरड्या, भुसभुशीत वाळूत मात्र रेस सोडली की चाक रुतते, त्यामुळे अंगठा एकाच जागी दाबलेला राहतो. माझ्या मते अंगठ्याच्या थकव्याचे खरे मूळ जोरात कमी आणि या न सुटण्यात जास्त आहे. व्यायामाने अंगठा बळकट करा, एवढाच सल्ला म्हणूनच अपुरा पडतो.

स्नायूंपलीकडे सांध्याचा प्रश्न आहे. अंगठा जिथे मनगटाला मिळतो, तो बुडाचा सांधा घोड्यावरच्या खोगिरासारखा असतो. त्यामुळे अंगठा सर्व दिशांना फिरतो, पण त्या बदल्यात सांध्याची स्थिरता कमी होते. अंगठा ही लांब तरफ असल्याने टोकावरचा छोटा जोर बुडाशी कित्येक पटींनी वाढतो. कूनी आणि चाओ यांनी 1977 साली केलेल्या गणितानुसार साध्या चिमटीत टोकाशी 1 किलो जोर असेल, तर बुडाच्या सांध्यावर सुमारे 12 किलोचा भार येतो. याच हिशेबाने आपला दीड किलो तिथे 18 किलो होतो. दुखणे टोकाला न होता बुडाशी का होते, ते यावरून कळेल.

यात भर कंपनांची. इंजिनाची आणि जमिनीची थरथर हँडलमधून हातात येते. थरथरणारी वस्तू आपण नकळत जास्त घट्ट धरतो, आणि जितकी घट्ट धरू तितकी थरथर हातात जास्त शिरते. हा धोका इतका मान्य झालेला आहे की हातापर्यंत पोचणारी कंपने कशी मोजावीत यासाठी आयएसओ 5349 हे आंतरराष्ट्रीय मानक आहे, आणि युरोपीय संघाच्या 2002 च्या निर्देशात आठ तासांच्या कामासाठी मर्यादा ठरवल्या आहेत. आपल्या किनाऱ्यावर कोणी अशी मोजणी करायला येणार नाही. स्वतःच्या हाताकडे स्वतःच लक्ष द्यायचे.

आधी गाडी तपासा

खटका जड असेल तर हाताला दोष देण्याआधी केबल पाहावी. कोकणात तिचे दोन शत्रू आहेत, वाळू आणि खारे पाणी. वाळूचे कण खटक्याच्या पेटीत आणि केबलच्या तोंडाशी शिरतात, मीठ तारेला गंज चढवते. रोज संध्याकाळी गोड्या पाण्याने, पण जोराची धार न मारता, हँडलचा भाग धुवावा आणि पुसून कोरडा करावा. खटक्याची पेटी अधूनमधून उघडून साफ करावी. जाड ग्रीस भरण्याचा मोह टाळावा, वाळू त्याला चिकटून तिची पॉलिश पेपरसारखी लेई होते. केबलसाठीचे पातळ वंगण गाडीच्या पुस्तिकेत सांगितले असेल तेच आणि तेवढेच वापरावे. तारेचे धागे सुटलेले दिसले तर वंगणाने काही होत नाही, केबल बदलावीच लागते. केबल कुठे तीव्र कोनात वळली आहे का, हेही पाहावे. दुरुस्तीनंतर ती घाईत कशीही खोचलेली असते, आणि नुसती मोकळी वळवून बसवली तरी खटका हलका होतो.

जुन्या पद्धतीच्या सरकत्या पडद्याच्या कार्बोरेटरमध्ये आणखी एक गंमत आहे. इंजिन चालू असताना त्याच्या शोषणाने तो पडदा भिंतीला चिकटतो, त्यामुळे रेसची अगदी सुरुवात जड लागते. म्हणून ताणकाट्यावर बंद इंजिनात हलका वाटलेला खटका चालू गाडीत जड वाटू शकतो.

खटक्याला सुरुवातीला थोडी मोकळी हालचाल असावी लागते. अनेक गाड्यांत ती 3 ते 5 मिलिमीटरच्या आसपास असते, पण आपल्या पुस्तिकेतला आकडाच प्रमाण मानावा. ती फार जास्त असेल तर अंगठ्याला विनाकारण लांब जावे लागते. अगदीच नसेल तर हँडल वळवताना केबल ताणून रेस आपोआप वाढते. म्हणून काम झाल्यावर गाडी न्यूट्रलमध्ये आणि ब्रेक लावून उभी करावी, इंजिन मंद चालू ठेवावे आणि हँडल पूर्ण डावीकडे, मग पूर्ण उजवीकडे वळवावे. आवाज जराही वाढता कामा नये. खटका दाबून सोडल्यावर तो प्रत्येक स्थितीत झटकन मागे आला पाहिजे.

मग हाताची जागा

खटक्याची पेटी हँडलवर स्क्रूने आवळलेली असते. स्क्रू सैल करून ती थोडी फिरवता येते, आणि हा फुकटचा उपाय बहुतेकांनी कधी करून पाहिलेला नसतो. नेहमीसारखे बसा, कोपर किंचित वाकवा, पुढचा हात आणि मनगट एका रेषेत ठेवा. या स्थितीत अंगठा जिथे सहज पडतो तिथे खटका यायला हवा. तो खाली असेल तर मनगट मोडून धरावे लागते, वर असेल तर अंगठा ताणलेला राहतो. एकदा जागा ठरली की स्क्रू नीट आवळावेत.

खटका ही तरफ आहे, त्यामुळे तो कुठे दाबतो यालाही अर्थ आहे. बिजागरीपासून 6 सेंटिमीटरवर दाबायचा तो 4 सेंटिमीटरवर दाबला, तर दीडपट जोर लागतो. मुठीच्या फार आतल्या बाजूला हात सरकवून बसणारे नेमके हेच करतात. हात थोडा बाहेर घ्यावा आणि खटक्याचे टोक अंगठ्याच्या पेराच्या गादीखाली येऊ द्यावे, नखाच्या टोकाखाली नको. बाजारात खटक्याला लावायची रुंद किंवा लांब पट्टी मिळते. लांब पट्टीने जोर कमी लागतो, पण तेवढाच अंगठा जास्त सरकवावा लागतो. लहान हाताच्या माणसाला ती सोयीची होईलच असे नाही.

पर्यटकाला पुढे बसवून मागून हात घालणे ही सर्वांत वाईट स्थिती. कोपर सरळ होते, मनगट वाकते, अंगठा जेमतेम पोचतो. शिवाय बहुतेक एटीव्ही एकाच स्वारासाठी बनवलेल्या असतात आणि दोघांच्या वजनाने त्यांचा तोल बदलतो. रिकाम्या मैदानात पाच मिनिटे नीट शिकवून, रेस मर्यादित ठेवणारा स्क्रू आत फिरवून पर्यटकाला एकट्याला मंद गतीने जाऊ देणे हे हातालाही बरे आणि जिवालाही. हा स्क्रू अनेक गाड्यांत खटक्याच्या पेटीवरच असतो.

चालवताना हँडलला लटकू नये. वजन पायांवर घ्यावे, गुडघे गाडीला टेकवावेत, उंचवट्यावर पायांवर थोडे उठावे. मूठ पोपट धरल्यासारखी धरावी, सुटू नये आणि चिरडूही नये. समोर मोकळा, सपाट, ओला किनारा असेल तेव्हा काही अनुभवी स्वार हात वळवून खटका तळव्याच्या कडेने दाबतात. याने अंगठ्याला विसावा मिळतो, पण तेवढ्या वेळात बोटे ब्रेकपासून दूर जातात. माणसे जवळपास असताना हे करू नये.

आणि सोडायचे. ओल्या वाळूवर उतार किंवा वेग मिळाला की दोन-तीन सेकंद अंगठा पूर्ण उचलावा, बोटे पसरावीत. दोन फेऱ्यांमध्ये हात खाली सोडून झटकावा. तासाभराने एखादी फेरी दुसऱ्या सहकाऱ्याला द्यावी. मालकाला हे वेळेचे नुकसान वाटते, पण एप्रिल-मेच्या गर्दीत सुजलेल्या हाताचा माणूस आठवडाभर घरी बसला की ते नुकसान मोठे असते.

व्यायामात दाबण्याचे स्नायू आणखी दाबून दमवण्यापेक्षा उलट दिशा घ्यावी. पाचही बोटांभोवती रबर बँड घालून बोटे सावकाश उघडावीत, दहा-बारा वेळा, संध्याकाळी, दुखत नसताना.

डॉक्टरांकडे कधी जावे

रात्रभराच्या विश्रांतीने जाते ते दमणे. जे जात नाही ते वेगळे. अंगठ्याच्या बाजूने मनगटावर सूज आणि पिळताना कळ येत असेल तर कंडरांच्या आवरणाचा दाह असू शकतो. स्विस शल्यविशारद द क्वेरव्हाँ यांनी 1895 साली वर्णन केल्यामुळे तो त्यांच्या नावाने ओळखला जातो. अंगठा, तर्जनी आणि मधल्या बोटाला रात्री मुंग्या येत असतील तर मनगटातल्या नसेवर दाब आलेला असू शकतो. बोटे थंडीत पांढरी पडणे हे कंपनांचे लक्षण असू शकते. अंगठा अडकून टक्कन सुटणे, चिमटीतून वस्तू वारंवार निसटणे हीही दुर्लक्ष करण्यासारखी लक्षणे नव्हेत. अशा वेळी मालिश करून किंवा वेदनाशामक गोळी घेऊन पुन्हा गाडीवर बसू नये. अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावे, आणि आपण दिवसभर कोणता खटका, कसा आणि किती तास दाबतो, हे त्यांना करून दाखवावे. नुसते 'बाइक चालवतो' म्हटले तर त्यांच्या डोळ्यांसमोर पिळायची मूठ येते.