केंब्रिजचा पाऊस आणि वर्ध्याचं पाणी

आजचा भाग हवामानावर. इंग्लंडात राहून हवामानावर बोलायचं नाही, तर कशावर बोलायचं? बस स्टॉप असो, लिफ्ट असो, नाहीतर मीटिंग सुरू व्हायच्या आधीची दोन मिनिटं, इथे सगळीकडे हाच विषय.

वर्ध्याहून फोन आला की घरचे विचारतात, "काय रे, तिकडे तर रोजच पाणी असते ना?" आपल्याकडे पाऊस येत नाही, पाणी येतं. तर आता आकडे बघा. केंब्रिजला वर्षाला साधारण साडेपाचशे ते सहाशे मिलिमीटर पाऊस पडतो. वर्धा जिल्ह्याची सरासरी आहे हजारच्या आसपास. म्हणजे पाऊस आपल्याकडे जास्त पडतो, आणि तोही बराच जास्त!

मग इंग्लंड सतत ओलं का वाटतं? कारण इथला पाऊस वर्षातल्या शंभराहून जास्त दिवसांत वाटला जातो, थोडा थोडा. आपला बहुतेक सगळा पाऊस जून ते सप्टेंबरमध्ये येतो आणि खऱ्या पावसाचे दिवस भरतात पन्नास-साठ. इथे लोक छत्रीही फारशी उघडत नाहीत. जॅकेटची टोपी डोक्यावर ओढतात आणि सायकल हाणत निघतात. वर्ध्यात जुलैच्या सरीत हे करून बघा!

या फरकामागे साधं विज्ञान आहे. गरम हवेत वाफ जास्त मावते. ३० अंशांच्या एक घनमीटर हवेत सुमारे ३० ग्रॅम, १० अंशांच्या हवेत फक्त नऊ-साडेनऊ. आपल्याकडे ही गरम, दमट हवा झपाट्याने वर चढते, उंच ढग बनतात आणि तासाभरात धो-धो कोसळतात. इथे कोमट हवा थंड हवेच्या अंगावरून हळूहळू वर सरकते. त्यातून पसरट ढग आणि दिवसभराची भुरभुर. त्यातही अटलांटिकवरून येणारे ढग आधी वेल्सच्या डोंगरांवर रिकामे होतात. केंब्रिज पडलं पूर्वेला. महाबळेश्वर भिजतं आणि पलीकडचा माण तालुका कोरडा राहतो, तसंच.

बरं, एवढ्या कमी पावसात इथलं गवत हिरवं कसं? सूर्य तिरपा, आभाळ ढगाळ, त्यामुळे पडलेलं पाणी उडून जात नाही. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या घरात जातो आणि काळ्या जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात.

आम्ही सॉफ्टवेअरवाले सर्व्हर घेताना सरासरी ट्रॅफिक बघून घेत नाही. दिवाळी सेलच्या रात्री तो बसेल. पावसाचंही तसंच आहे. वर्षाची सरासरी गाठली, पण पेरणीनंतर तीन आठवडे थेंब नाही, तर सोयाबीन-कपाशीचा तो शेतकरी बुडालाच. दुबार पेरणी म्हणजे बियाणं पुन्हा, मजुरी पुन्हा, उसनवारी पुन्हा. २००६ मध्ये केंद्राने शेतकरी आत्महत्यांमुळे विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी पॅकेज जाहीर केलं, त्यात वर्धाही होता. कर्ज, भाव, अशी कारणं अनेक, पण पावसाचा खंड त्या सगळ्यांवर ओझं टाकतो. केंब्रिजमध्ये तीन आठवडे पाऊस नसला, तर शहरातल्या माणसाच्या अंगणातलं गवत पिवळं पडतं, बस.

पण इथेही सगळं आलबेल नाही बरं का. शहराचं पिण्याचं पाणी जमिनीखालच्या खडूच्या थरातून येतं. उपसा इतका वाढला की, नव्या घरांना पाणी कुठून आणायचं, यावर पर्यावरण खात्याने हरकत घेतली. ज्या गावात रोज भुरभुर, तिथेही पाणी मोजावं लागतं.

म्हणून पावसाचा आकडा ऐकलात की तीन प्रश्न विचारा. किती पडला? किती दिवसांत पडला? आणि जमिनीत किती राहिला? घरी शेती असेल तर जिल्ह्याच्या सरासरीवर जाऊ नका. कृषी विभागाच्या महारेन वेबसाइटवर आपल्या महसूल मंडळाचा पाऊस बघा. ७५ ते १०० मिलिमीटर होईपर्यंत पेरणी नको, हा कृषी विभागाचा सल्ला दरवर्षी येतो. पहिली सर आली की तो विसरायला होतं, तेव्हा घरच्यांना फोनवर तेवढी आठवण करून द्या.

चला, भेटू पुढच्या भागात!