न दुखणारे नेत्ररोग

मराठींत वाचण्याच्या चष्म्याला 'चाळिशी' म्हणतात. वयाचा आंकडा आणि वापरण्याची वस्तु या दोहोंस एकच नांव देऊन भाषेनें एक शारीरिक सत्य नोंदून ठेविलें आहे. चाळिशीच्या सुमारास डोळ्यांतील नैसर्गिक भिंग ताठर होऊं लागतें, जवळच्या वस्तूंसाठीं त्याला आपला आकार पूर्वीसारखा बदलतां येत नाहीं, आणि पोथी किंवा वर्तमानपत्र हात लांब करून धरावें लागतें. हा रोग नव्हे, वयाचा धर्म आहे. परंतु याच वयापासून कांहीं खरे रोगहि डोळ्यांत शिरकाव करूं लागतात, आणि त्यांतील जे सर्वांत घातक ते आपल्या येण्याची वर्दी देत नाहींत. मनुष्य दुकानांत जातो, अक्षर स्पष्ट दिसेल असा चष्मा निवडतो आणि समाधानानें घरीं येतो. डोळ्याच्या आंत काय चाललें आहे हें तज्ज्ञाकडून पाहून घेण्याची एक उत्तम संधि मात्र त्यानें गमावलेली असते.

हिंगोली जिल्ह्यांतील सेनगांव तालुक्यांत गोरेगांव नांवाचें गांव आहे. संत नामदेवांची जन्मभूमि मानलें जाणारें नर्सी याच जिल्ह्यांतलें. या भागांत गाथा आणि पोथी वाचण्याची आवड असलेल्या वृद्धांना डोळ्यांचें मोल सांगावें लागत नाहीं. पण गोरेगांवासारख्या गांवांतील वृद्धाला डोळे दाखवावयाचे, म्हणजे कोणातरी सोबत्यास घेऊन जिल्ह्याचें सरकारी रुग्णालय गांठावयाचें. पेरणी आणि काढणी यांतून तो दिवस निघत नाहीं. अशाच गांवांतून शिकून बाहेर पडलेलीं अनेक कुटुंबें आज नांदेड, छत्रपति संभाजीनगर आणि पुणें येथें स्थायिक झालेलीं आहेत. तेथें डोळ्यांचे तज्ज्ञ जवळ असतात. तरीहि डोळा दुखल्यावांचून किंवा दिसेनासें झाल्यावांचून त्यांच्याकडे जाण्याची रीत तेथेंहि फारशी रुजलेली नाहीं. गांवांत अंतर आड येतें, शहरांत समजूत आड येते. ही समजूत कां चुकीची आहे, हें तीन रोगांच्या तुलनेनें स्पष्ट होईल.

पहिला रोग सर्वांच्या परिचयाचा, म्हणजे मोतीबिंदु. बाहुलीच्या मागें असलेलें स्वच्छ भिंग वयोमानानें गढूळ होत जातें. दिव्याभोंवतीं तेजाचा पसारा दिसतो, रंग फिके वाटतात, चष्म्याचा नंबर वारंवार बदलतो. पुढें तांदळांतील खडे दिसेनासे होतात आणि सुईंत दोरा ओवण्याचें काम नातवंडांकडे जातें. भारतांत २०१५ ते २०१९ या काळांत झालेल्या राष्ट्रीय पाहणींत, पन्नाशीच्या पुढील अंध व्यक्तींपैकीं सुमारें दोन तृतीयांश लोकांच्या अंधत्वाचें कारण मोतीबिंदु हेंच आढळलें. असें असूनहि, खरें पाहतां, हा रोग तिहींत सौम्य होय. कारण त्यानें झांकलेली दृष्टि शस्त्रक्रियेनें बहुधा परत मिळते. लंडनचे नेत्रवैद्य हॅरोल्ड रिडले यांनीं १९४९ सालीं मनुष्याच्या डोळ्यांत कृत्रिम भिंग प्रथम बसविलें. दुसऱ्या महायुद्धांत वैमानिकांच्या डोळ्यांत विमानाच्या पारदर्शक आच्छादनाच्या चिरफळ्या शिरल्या, तरी डोळ्यानें त्या सहन केल्या, हें त्यांच्या पाहण्यांत आलें होतें. त्याच जातीच्या द्रव्याचें भिंग त्यांनीं करविलें. कृत्रिम भिंगें प्रचारांत येण्यापूर्वीं शस्त्रक्रिया झालेल्या माणसाला जन्मभर जाड कांचांचा चष्मा वापरावा लागे. आज लहानशा छेदांतून गढूळ भिंग काढून नवें बसवितात, आणि रुग्ण बहुधा त्याच दिवशीं घरीं जातो.

'मोतीबिंदु पिकला म्हणजे काढूं' हें वाक्य अजूनहि घरोघर ऐकूं येतें. जुन्या पद्धतीच्या शस्त्रक्रियेस तो सल्ला योग्य होता. आजच्या पद्धतीस नाहीं. फार पिकलेलें भिंग कठीण होतें व तें काढणें अवघड जातें. क्वचित् त्यांतील द्रव्य पाझरून डोळ्याचा दाब वाढतो आणि दुखणें निराळेंच होऊन बसतें. रोजच्या कामांत अडचण येऊं लागली, म्हणजे शस्त्रक्रियेची वेळ आली असें समजावें.

दुसरा रोग काचबिंदु. दोन्ही नांवांत 'बिंदु' असल्यामुळें कित्येक लोक याला मोतीबिंदूचा धाकटा भाऊ समजतात आणि 'पिकेपर्यंत' वाट पाहतात. ही गैरसमजूत फार महाग पडते. डोळ्याच्या पुढच्या भागांत एक स्वच्छ द्रव सतत तयार होत असतो व सूक्ष्म वाटांनीं बाहेर जात असतो. शेतांतील चर बुजला कीं पाणी तुंबतें, त्याप्रमाणें या वाटा अडल्या कीं डोळ्यांतील दाब वाढतो. सामान्यतः हा दाब पाऱ्याच्या १० ते २१ मिलिमीटरइतका असतो. वाढलेल्या दाबानें, आणि कांहीं माणसांत दाब नेहमीचा असतांनाहि, डोळ्यापासून मेंदूकडे जाणारा दृष्टीचा मज्जातंतु हळूहळू झिजतो. प्रथम कडेची दृष्टि जाते. समोरचें अक्षर स्वच्छ दिसत असतें. एका डोळ्याची उणीव दुसरा डोळा भरून काढीत असतो. दुखत नाहीं, लाली येत नाहीं. दाराच्या चौकटीस खांदा लागूं लागतो, जिन्याची पायरी चुकते, पण तो दोष वयावर घातला जातो. रोग लक्षांत येतो तेव्हां मज्जातंतूचा मोठा भाग निकामी झालेला असतो, आणि ही गेलेली दृष्टि आज कोणत्याहि उपायानें परत आणतां येत नाहीं. उरलेली मात्र नियमित थेंब, लेसर किंवा शस्त्रक्रिया यांच्या साहाय्यानें पुष्कळदां राखतां येते. याच रोगाचा एक प्रकार एकाएकीं उसळतो: डोळा तीव्र दुखतो, लाल होतो, दिव्याभोंवतीं रंगीत कडीं दिसतात, ओकारी येते. अशा वेळीं पित्ताचें औषध देत बसूं नये. त्याच दिवशीं रुग्णालय गांठावें.

तिसरा विकार मधुमेहाच्या पोटीं येतो. डोळ्याच्या मागच्या बाजूस दृष्टिपटल असतें. त्यावर बाहेरील वस्तूंची प्रतिमा उमटते. रक्तांतील वाढलेल्या साखरेनें या पटलांतील बारीक रक्तवाहिन्या दुबळ्या होतात, त्यांतून द्रव आणि रक्त झिरपतें, आणि पुढें नाजूक, अनिष्ट अशा नव्या वाहिन्या फुटूं लागतात. या क्रियेच्या आरंभींच्या काळांत रुग्णाला अगदीं चांगलें दिसत असतें. वेळेवर ओळखलें तर साखर व रक्तदाब ताब्यांत ठेवून, लेसरनें किंवा डोळ्यांत दिलेल्या इंजेक्शनांनीं बरेंच नुकसान टाळतां येतें. मधुमेहाचा रुग्ण दर महिन्यास रक्त तपासून घेईल, परंतु डोळ्याच्या मागील पटलाची वर्षांतून एकदां करावयाची तपासणी विसरेल, असें पुष्कळदां घडतें.

आतां तिन्ही रोग शेजारीं ठेवून पाहावे. मोतीबिंदु आपण होऊन जाणवतो, आणि त्यावर उपाय उशीरा केला तरी दृष्टि बहुधा परत येते. काचबिंदु आणि मधुमेहाचा नेत्रविकार गुपचूप वाढतात, आणि त्यांनीं केलेली हानि पुष्कळ अंशीं कायमची असते. म्हणजे त्रास हा रोगाच्या घातकपणाचें माप नव्हे. तक्रार उद्भवल्यावर वैद्याकडे जाण्याची रीत मोतीबिंदूस पुरते. इतर दोघांस ती पुरत नाहीं. त्यांच्यासाठीं तक्रारीवांचून, ठरलेल्या दिवशींच गेलें पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ सालच्या अहवालाप्रमाणें जगांत किमान २२० कोटी लोकांच्या दृष्टींत दोष होता, आणि त्यांपैकीं किमान १०० कोटींचा दोष टाळतां येण्याजोगा होता किंवा त्यावर उपाय व्हावयाचा राहिला होता.

लहान मुलांच्या बाबतींत ही निकड निराळ्या कारणानें आहे. मूल आपल्याला कमी दिसतें असें सांगत नाहीं. सर्वांनाच एवढें दिसत असावें असें त्याला वाटतें. फळ्यावरील अक्षर वाचतांना डोळे बारीक करणें, पुस्तक नाकाशीं धरणें, शेजाऱ्याच्या वहींतून उतरून घेणें, या गोष्टी आळसाच्या समजून शिक्षा करण्यापूर्वीं त्याचे डोळे तपासावे. एका डोळ्यांत मोठा दोष किंवा तिरळेपणा असेल, तर मेंदु त्या डोळ्याकडे दुर्लक्ष करण्यास शिकतो. सातआठ वर्षांच्या वयापूर्वीं चष्मा देऊन किंवा चांगला डोळा कांहीं काळ झांकून त्या डोळ्यास कामाला लाविलें, तर तो सुधारण्याचा संभव पुष्कळ असतो. पुढें तो कमी होत जातो. २०१३ सालीं सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमांत मुलांची दृष्टि पाहण्याचीहि योजना आहे. त्यांत एखाद्या मुलास पुढें पाठविण्याची चिठ्ठी मिळाली, तर ती दप्तरांत राहूं देऊं नये.

शेतकऱ्याच्या डोळ्यांस आणखी एक भय असतें. मळणीच्या वेळीं उडालेलें कूस किंवा पिकाचें धारदार पान लागून बुबुळावरील पारदर्शक पडद्यास ओरखडा पडतो, आणि त्यांत जंतु किंवा बुरशी शिरून व्रण होतो. त्यांत मध, दूध किंवा तूप घालूं नये, आणि दुकानांतून विचारून आणलेले थेंबहि घालूं नयेत. त्या थेंबांत स्टिरॉइड असेल तर बुरशीचा व्रण फोफावतो. तेच थेंब दीर्घ काळ वापरले तर काचबिंदु आणि मोतीबिंदु दोन्ही ओढवूं शकतात. येथें मात्र दुखणें स्वतःच हांक मारीत असतें. तिला त्याच दिवशीं ओ दिली पाहिजे.

पुरी तपासणी म्हणजे केवळ चष्म्याचा नंबर काढणें नव्हे. प्रथम प्रत्येक डोळ्यानें स्वतंत्रपणें अक्षरांचा तक्ता वाचावयाचा. हा तक्ता हॉलंडमधील हर्मन स्नेलेन यांनीं १८६२ सालीं तयार केला. नंतर डोळ्याचा दाब मोजतात. मग बाहुली मोठी करणारे थेंब घालून दृष्टिपटल आणि मज्जातंतूचें मुख पाहतात. जिवंत माणसाच्या डोळ्याचा हा अंतर्भाग पाहण्याचें उपकरण हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञानें १८५१ सालीं प्रसिद्ध केलें, तोंपर्यंत वैद्यांना तो दिसतच नव्हता. थेंबांनंतर कांहीं तास अंधुक दिसतें. म्हणून सोबत कोणी असावें आणि स्वतः वाहन चालवूं नये. या सर्वांत वेदना अशी नाहीं.

तपासणीचा क्रम साधा आहे. मुलाची शाळेंत घालण्यापूर्वीं एकदां व पुढें दरवर्षीं, प्रौढाची चाळिशी लागतांच एकदां पुरी, नंतर दर दोन वर्षांनीं, साठीनंतर दरवर्षीं. मधुमेह उतारवयांत आढळला, तर आढळतांच आणि त्यानंतर दरवर्षीं. आईबाप किंवा भावंडें यांपैकीं कोणास काचबिंदु असेल, तर चाळिशीची वाट न पाहतां वैद्याचा सल्ला घ्यावा. याखेरीज महिन्यांतून एकदां घरींच, चष्मा लावून व एका वेळीं एक डोळा झांकून, भिंतीवरील दिनदर्शिकेचे आंकडे वाचून पाहावे. दोन्ही डोळे उघडे असतां न कळणारा फरक अशा वेळीं कळतो. काचबिंदूचा आरंभ मात्र यानेंहि कळत नाहीं, हें ध्यानांत ठेवावें.

भारतांत अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७६ सालापासून चालू आहे, आणि सरकारी रुग्णालयांतून मोतीबिंदूची शस्त्रक्रिया विनामूल्य होते. पूर्वीं असंख्य डोळे अधू करणाऱ्या खुपऱ्या या सांसर्गिक रोगाची सार्वजनिक आरोग्यास बाधा उरली नाहीं, असें जागतिक आरोग्य संघटनेनें २०२४ सालीं भारताविषयीं जाहीर केलें. समाजानें मनावर घेतलें तर डोळ्यांचे रोग हटतात, याचा हा पुरावा आहे. काचबिंदु आणि मधुमेह यांची लढाई मात्र घराघरांतून लढावी लागेल. गांवाकडील आईवडील दिवाळीस शहरांत येतात, तेव्हां त्यांच्यासाठीं कपडे घेतले जातात, गोडधोड केलें जातें. त्याच मुक्कामांत एक सकाळ नेत्रवैद्याकडे काढावी, आणि त्यांना घेऊन गेलेल्या मुलानेंहि तेथें आपले डोळे दाखवून घ्यावे; कारण चाळिशी बहुधा त्यालाहि लागलेली असते.