सही करण्याआधी

सोनारी परिसरातील कितीतरी घरे ड्रायव्हिंगवर आणि ऊसतोडीवर चालतात. माझ्या वर्गातल्या एका मुलीचे अब्बा कर्नाटकात ट्रकच्या धडकेत वारले. चाळीसवा होण्याआधीच ट्रकमालकाचा माणूस दोन लाख रुपये आणि तडजोडीचा कागद घेऊन दारात उभा राहिला. "तकदीरमध्ये होतं, सही करा," असे नातेवाईकही म्हणू लागले. मुलीची अम्मी कागद घेऊन माझ्याकडे आली. म्हणाली, "सर, कर्नाटकातल्या कोर्टात खेटे कोण घालणार?"

ही भीती निराधार आहे. अमेरिकेत अपघात-भरपाईचे नियम राज्यागणिक बदलतात. अलाबामात जखमीची थोडी जरी चूक निघाली, तरी भरपाई सहसा बुडते. टेक्सासमध्ये निम्म्यापर्यंत चूक असली, तरी तेवढी रक्कम वजा करून बाकीची मिळते. आपल्याकडे मात्र १९८८चा मोटार वाहन कायदा सर्व राज्यांना एकच आहे. अपघात कुठेही होवो, वारसांना आपण राहतो त्या भागातील मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात दावा करता येतो.

आता हिशेब पाहू. समजा, मृत व्यक्ती ३२ वर्षांची, कमाई महिना १५ हजार, मागे बायको, दोन मुले आणि आई. सर्वोच्च न्यायालयाच्या २००९ आणि २०१७च्या निकालांनुसार, कायम नोकरी नसलेल्या चाळिशीच्या आतील माणसाच्या कमाईत पुढील वाढीचे ४० टक्के मिळवतात. झाले २१ हजार. त्याच्या स्वतःच्या खर्चाचा चौथा हिस्सा वजा केला की उरतात १५,७५०. वर्षाचे १,८९,०००. या वयासाठी त्याला १६ने गुणतात. रक्कम होते ३०,२४,०००. कुठे दोन लाख, कुठे तीस लाख!

चूक कोणाची हे सिद्ध न करता मृत्यूसाठी ५ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख मिळण्याचीही तरतूद आहे. पण ती रक्कम स्वीकारली की मोठा दावा संपतो. धडक देऊन पळालेले वाहन सापडलेच नाही, तर सरकारी योजनेतून मृत्यूसाठी २ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी ५० हजार मिळतात. लोकअदालतीत तडजोड लवकर होते, मात्र तिच्यावर अपील नाही. म्हणून आकडा आधी तपासावा.

१ एप्रिल २०२२पासून दाव्यासाठी सहा महिन्यांची मुदत घातली आहे. तेव्हा एफआयआर, पंचनामा, शवविच्छेदन अहवाल, विम्याची प्रत आणि कमाईचा पुरावा लगेच गोळा करावा. वकिलाची फी परवडत नसेल, तर तालुका विधी सेवा समितीकडे जावे. महिलांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.

त्या अम्मीने सही केली नाही. दावा दाखल केला आहे. भरपाई मागणे म्हणजे तकदीरीवर नाराजी नव्हे. खुद्द शरीअतमध्येही चुकून झालेल्या मृत्यूसाठी वारसांना दियत देण्याचा हुकूम आहे. सब्र आपल्या जागी, यतीम मुलांचा हक आपल्या जागी.